कडक फाउंडेशन, बोलकी गाडी

प्रश्न : माझ्याकडे आठ वर्षं जुनी, चार सिलिंडरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गिअर हाताचे. इचलकरंजीहून आजरा-आंबोलीमार्गे सावंतवाडीला वरचेवर जाणं होतं. घाटात दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर सोडून पुन्हा दाबला की बॉनेटखाली काहीतरी ‘धप्प’ होतं आणि मग गाडी ओढायला लागते. गॅरेजवाला मित्र म्हणतो, गिअरबॉक्सच्या फाउंडेशनमध्ये पीयू (पॉलियुरेथेन) भरून टाक, गाडी एकदम टाइट होईल. दुसरा म्हणतो, तसं केलंस तर घरचं कुणी गाडीत बसणार नाही, इतकी थरथरेल. दोघेही अनुभवी आहेत. खरं कोणाचं? आणि कंपनीनं मुळात इतकं मऊ रबर का लावलं, पैसे वाचवायला?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : दोघांचंही खरं आहे, कारण दोघं एकाच गोष्टीबद्दल बोलताहेत. एक ज्याला टाइटपणा म्हणतो आणि दुसरा ज्याला थरथर म्हणतो, ती दोन्ही रबराच्या ताठरपणाचीच रूपं आहेत. त्यातलं एक घरी आणायचं आणि दुसरं दुकानातच ठेवायचं, असं जमत नाही. ताठरपणा किती वाढवायचा आणि कुठल्या आधारात वाढवायचा, एवढंच आपल्या हातात असतं.

पैसे वाचवण्याचा संशय आधी निकालात काढू. पैसेच वाचवायचे असते तर इंजिन आणि गिअरबॉक्स बोल्टनं थेट सांगाड्याला आवळून टाकणं सर्वांत स्वस्त पडलं असतं. सुरुवातीच्या बऱ्याच मोटारी तशाच होत्या आणि चार सिलिंडरच्या गाडीत बसलेल्या माणसाला ते हाडांत जाणवायचं. रबराचे तुरळक प्रयोग चालू होते, पण या गोष्टीचा गाजावाजा झाला तो १९३१ साली. क्रायस्लर कंपनीनं त्या वर्षी प्लिमथच्या नव्या मॉडेलात ‘फ्लोटिंग पॉवर’ नावाची रचना आणली. इंजिनाला पुढचा आधार उंचावर, मागचा खाली गिअरबॉक्सपाशी, आणि दोन्ही रबराचे. हे दोन बिंदू जोडणारी रेघ इंजिनाच्या गुरुत्वमध्याच्या जवळून जाते, त्यामुळे इंजिन ज्या अक्षाभोवती आपसूक डोलू पाहतं त्याच अक्षाभोवती त्याला डोलू दिलं जातं. फार डोलू नये म्हणून बाजूला एक पाटा. कल्पना इतकी पटली की फ्रान्सच्या सित्रोएननं तिचे हक्क घेतले आणि १९३२ पासून आपल्या गाड्यांवर पोहणाऱ्या हंसाचं चिन्ह मिरवलं. म्हणजे मऊ रबर ही काटकसर नव्हतीच. ती जाहिरातीत सांगायची गोष्ट होती.

आता तुमच्या गाडीखाली जाऊ. इंजिन आडवं बसवलेल्या हॅचबॅकमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल एकमेकांना घट्ट जोडून एकच मोठा गठ्ठा झालेला असतो. त्याला बहुधा तीन आधार असतात, गॅरेजच्या भाषेत फाउंडेशन. एक इंजिनाच्या बाजूला, एक गिअरबॉक्सच्या बाजूला. हे दोघं वजन पेलतात. तिसरा खाली मागच्या अंगाला, दोन टोकांना रबरी बुश असलेला आखूड दांडा. कुणी त्याला रोल रॉड म्हणतं, कुणी नुसतं मागचं फाउंडेशन. तो वजन उचलत नाही. गठ्ठा गोल फिरू पाहतो तेव्हा त्याला ओढून धरणं एवढंच त्याचं काम. मित्र ‘गिअरबॉक्सचं फाउंडेशन’ म्हणतो तेव्हा गिअरबॉक्सच्या बाजूचा आधार की हा दांडा, हे त्याला आधी विचारा. निम्मं उत्तर तिथेच आहे.

त्या दांड्यावर किती ओढ येते याचा अंदाज बहुतेकांना नसतो. इंजिनाचा टॉर्क ११० न्यूटन-मीटर धरा. पहिल्या गिअरचं प्रमाण साडेतीन आणि शेवटच्या दात्यांचं चार, म्हणजे चाकांच्या शाफ्टवर ११० गुणिले १४, सुमारे १५४० न्यूटन-मीटर. जेवढ्या जोरानं चाकं पुढे फिरतात तेवढ्याच जोरानं हा गठ्ठा उलट्या दिशेला फिरू पाहतो, कारण डिफरन्शियल त्याच्याच पोटात आहे. दांडा फिरण्याच्या अक्षापासून ४० सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्यावर सुमारे ३८५० न्यूटन, म्हणजे ३९० किलो वजनाइतकी ओढ येते. क्लच झटक्यात सोडलात तर त्याहूनही जास्त.

बोलेरोसारख्या गाडीत, जिथं इंजिन उभं असतं आणि मागची चाकं ओढतात, तिथं हा हिशेब बदलतो. शेवटची चौपट मागच्या ॲक्सलमध्ये होते आणि तिचा उलटा जोर ॲक्सलच झेलतो. गिअरबॉक्सच्या वाट्याला ११० गुणिले साडेतीन, म्हणजे ३८५च येतात. म्हणून तिथला गिअरबॉक्सच्या शेपटाखालचा आधार मुख्यतः वजन पेलतो आणि प्रोपेलर शाफ्टचा कोन राखतो. मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांच्या शौकिनांचा सल्ला आपल्या हॅचबॅकला जसाच्या तसा लावू नये, तो यासाठी.

तुमचं ‘धप्प’ कुठून येतं? रोल रॉडचा मोठा बुश कापून पाहिलात तर रबर भरीव नसतं. मधल्या नळीच्या पुढे-मागे मुद्दाम मोकळ्या खाचा ठेवलेल्या असतात. इंजिन आयडलिंगला हळू डोलतं तेव्हा रबर फक्त बारीक पट्ट्यांवर तोललेलं असतं, अगदी मऊ. जोर आला की नळी खाच ओलांडून समोरच्या जाड रबराला भिडते आणि आधार एकदम ताठर होतो. म्हणजे कंपनीचं रबर नुसतं मऊ नाही. आधी मऊ आणि मग कडक, असं ते घडवलेलं आहे. ॲक्सिलरेटर सोडल्यावर गठ्ठा एका बाजूला कलतो, दाबल्यावर दुसऱ्या, आणि मधली खाच ओलांडताना जो क्षण जातो तो तुम्हाला घाटात जाणवतो. नव्या गाडीत तो जेमतेम कळतो. आठ वर्षांत उष्णता, इंजिनातून पाझरलेलं तेल आणि हवा यांनी रबराच्या पट्ट्या भेगाळल्या असतील, तर खाच मोठी होते आणि भिडण्याचा आवाज येतो.

पीयू भरणं म्हणजे नेमक्या या खाचा बुजवणं. ‘आधी मऊ’ हा टप्पाच रद्द होतो. घाटातला उशीर जातो, आणि सिग्नलवरची शांतताही त्याच खाचेत होती, तीही जाते.

ओट्यावर मिक्सर थेट ठेवून चटणी वाटली की फडताळातली भांडी वाजतात. खाली दुमडलेलं फडकं घातलं की गप्प बसतात, पण मिक्सर हाताखाली डुलतो. गाडीतही हेच आहे, फरक इतकाच की गाडीच्या बाबतीत किती डुलेल आणि किती वाजेल हे कागदावर मांडता येतं. मांडूनच बघू.

चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यात दोन स्फोट होतात. आयडलिंगला ७५० आरपीएम म्हणजे सेकंदाला साडेबारा फेरे, पंचवीस ठोके. २५ हर्ट्झ. दुसरीकडे, लवचीक आधारावर टेकलेल्या कुठल्याही जड वस्तूला झुलण्याची स्वतःची लय असते; इंजिनाची ती १० हर्ट्झ समजा. नियम असा की ठोके या लयीच्या १.४१ पटीपेक्षा जलद असतील तरच रबर हादरे अडवतं. त्याखाली ते अडवत नाही, वाढवतं.

आपले ठोके लयीच्या अडीच पट आहेत. अशा वेळी इंजिन बोल्टनं थेट आवळल्यावर जेवढा हादरा गाडीत आला असता, त्याच्या फक्त १९ टक्के येतो. आता आधार दुप्पट ताठर करा. लय वर्गमुळाच्या हिशेबानं १० वरून १४ वर जाते आणि हादरा ४७ टक्क्यांवर. चौपट ताठर केलात तर लय २० हर्ट्झ, आणि हादरा १७८ टक्के! रबर अजिबात नसतं तर परवडलं असतं, असा प्रकार. खऱ्या रबरात थोडी ऊर्जा जिरते, त्यामुळे आकडा इतका चढत नाही, आणि इंजिन एकाच दिशेनं झुलतं असंही नाही. पण कल हाच. अर्धवट कडक केलेली गाडी आयडलिंगला कधीकधी पूर्ण आवळलेल्या गाडीपेक्षा जास्त का हलते, याचं उत्तर इथं मिळतं.

हेच ३००० आरपीएमला पाहा. ठोके १०० हर्ट्झ. मूळ रबरात एक टक्का हादरा यायचा, चौपट ताठर रबरात चार टक्के. वाढ चौपट आहे, पण चार टक्के कुणाला जाणवणार? म्हणून पीयू भरून बायपासवर चक्कर मारून आलेला माणूस खुशीत असतो. दुसऱ्या दिवशी एसी लावून सिग्नलला दीड मिनिट उभा राहतो तेव्हा आरसा धूसर दिसायला लागतो. पीयू बसवलेली कुणाची गाडी चालवून बघणार असाल, तर आधी ती एसी लावून पाच मिनिटं जागेवर उभी करा. नंतर रस्त्यावर काढा.

तीन सिलिंडरवाल्यांनी तर हा नाद दुरूनच पाहावा. तिथं एका फेऱ्याला दीडच स्फोट, ७५० आरपीएमला पावणेएकोणीस हर्ट्झ. त्याच १० हर्ट्झच्या आधारावर मूळचाच हादरा ४० टक्के येतो, आणि आधार नुसता दुप्पट ताठर केला की १३२ टक्के. मे २०२४ मध्ये आलेल्या नव्या स्विफ्टपासून मारुतीनं तिथं चार सिलिंडरच्या जागी तीन सिलिंडरचं इंजिन घातलं. जुन्या स्विफ्टवर पीयू भरून समाधानी असलेल्या मित्राचा सल्ला नव्या स्विफ्टवाल्यानं घेऊ नये.

हे झालं हादऱ्यांचं. आवाजाची गोष्ट थोडी वेगळी आहे, आणि बहुतेकांना पश्चात्ताप होतो तो आवाजाचा. हॅचबॅकच्या आतली हवा ही एक पोकळी आहे. पुढच्या काचेपासून मागच्या दारापर्यंत २.४ मीटर धरलं तर तिची पहिली गुंज सुमारे ७० हर्ट्झला येते. चार सिलिंडरचे ठोके २१०० आरपीएमच्या आसपास ७० हर्ट्झ होतात. ताठर आधारातून पत्र्यात उतरलेले हादरे इथं पोकळीशी सूर जुळवतात आणि कान दडपल्यासारखी घुमघुम सुरू होते. नेमकी शहरात चौथ्या गिअरमध्ये आपण जिथं रेंगाळतो तिथंच. आणखी वरच्या पट्टीत गिअरची शिट्टी. तीस दात्यांचं गिअर ३००० आरपीएमनं फिरलं तर दाते सेकंदाला १५०० वेळा भिडतात. गिअरबॉक्स ती शिट्टी पहिल्या दिवसापासून वाजवत होताच, रबरानं ती तुमच्यापर्यंत पोचू दिली नव्हती. पीयू बसवल्यावर ‘गिअरबॉक्स खराब झाला’ म्हणून तो उघडायला निघालेले लोक असतात. त्यांना थांबवायला हवं.

उद्योगात आवाज आणि हादऱ्यांच्या या सगळ्या भानगडीला एनव्हीएच म्हणतात आणि तिच्यावर आयुष्य काढणारे इंजिनिअर असतात. पुण्यात वेताळ टेकडीवर १९६६ साली स्थापन झालेली एआरएआय ही वाहनसंशोधन संस्था आहे, तिथंही या कामाचा विभाग आहे. ही मंडळी रबराचा प्रत्येक बुश तिन्ही दिशांनी वेगळा ताठर ठेवतात: वर-खाली वेगळा, पुढे-मागे वेगळा, आडवा वेगळा. खाचेत ओतलेल्या पीयूला दिशा कळत नाही.

आता ‘किती कडक’ हा प्रश्न. रबराची कठीणता शोर-ए या मापात मोजतात. टायरचा बाहेरचा थर साधारण ६० ते ७०. गाडीच्या फाउंडेशनचं रबर बहुधा ४५ ते ६०. बाजारातले पीयू ७० पासून ९५ पर्यंत. लोक समजतात ५० वरून ७० म्हणजे चाळीस टक्के कडक. तसं नाही. ॲलन गेंट या रबरशास्त्रज्ञानं १९५८ मध्ये कठीणता आणि ताठरपणा यांचं सूत्र मांडलं. त्यात ५० चं ७० केलं की ताठरपणा सव्वादोनपट होतो आणि ८० केलं की जवळपास पावणेचारपट. सूत्र रबराचं आहे, पीयूला तंतोतंत लागू नाही, पण अंदाजाला पुरतं. म्हणजे वरच्या गणितातली दुप्पट आणि चौपट ही काल्पनिक टोकं नाहीत, दुकानात पुड्यातून मिळतात ती आहेत. शिवाय आकार. भरीव बुश आणि खाचांचा बुश एकाच रबराचे असले तरी ताठरपणात कितीतरी फरक पडतो. पुड्यावरचा शोरचा आकडा बघून निर्णय घेऊ नये.

मग हे करतं कोण, आणि त्यांना काय मिळतं? मिळतं, नाही असं नाही. गिअर बदलायला केबल असेल तर तिचं एक टोक गाडीच्या जमिनीला आणि दुसरं डुलणाऱ्या गिअरबॉक्सला असतं. जोरात वळणावर गिअरबॉक्स सरकला की लिव्हरची घरं जागची हलल्यासारखी होतात आणि गिअर अडखळतो, शर्यतीत चुकीच्या घरातही पडतो. (जुन्या जीपसारख्या गाड्यांत लिव्हर थेट गिअरबॉक्सच्या डोक्यातून निघते. ती हातात नाचते खरी, पण घरंही तिच्यासोबतच नाचतात, म्हणून चुकत नाही.) थांबलेल्या गाडीला एकदम पळवताना पुढची चाकं टपटप उडतात, तेही ताठर रोल रॉडनं कमी होतं. आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर चाकांना थेट बांधल्यासारखा वाटतो. ज्याला याची चटक लागते त्याला मी नावं ठेवत नाही.

टोकाला गेलात तर आधारच उरत नाही. १९६७ ची लोटस ४९ ही फॉर्म्युला वन गाडी घ्या. तिचं कॉसवर्थ इंजिन चालकाच्या पाठीमागच्या कवचाला थेट बोल्टनं जोडलेलं होतं आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवरच लटकत होतं. पहिल्याच शर्यतीत, झांडव्होर्टला, जिम क्लार्क ती जिंकला. त्याच्यावर सिग्नलला उभं राहायची वेळ येत नव्हती. माझदानं १९८९ च्या एमएक्स-५ मध्ये वेगळी युक्ती केली: गिअरबॉक्स आणि मागचं डिफरन्शियल ॲल्युमिनियमच्या लांब चौकटीनं एकमेकांना जोडलं, म्हणजे गिअरबॉक्सला स्वतंत्र फाउंडेशनच नको. रबर टोकांना राहिलं, मधली ओढाताण चौकटीतच जिरली. आणि पोर्शनं २००९ च्या ९११ जीटी३ साठी असे इंजिन-आधार देऊ केले ज्यांतला द्रव चुंबकीय क्षेत्रात घट्ट होतो. सावकाश चालवा, आधार मऊ. जोरात वळवा, कडक. पुढे बॉक्स्टर आणि केमनमध्ये हीच गोष्ट गिअरबॉक्सच्या आधारांना लावली. हे पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं: एवढे पैसे घेणाऱ्या कंपनीलाही एकाच रबरात दोन्ही सुखं बसवता आली नाहीत, आधार चालता चालता बदलता ठेवावा लागला.

तुमच्यासाठी माझा सल्ला सरळ आहे. पीयूचा विचार तूर्त बाजूला ठेवा आणि आधी जुनं रबर तपासा. बॉनेट उघडं, हँडब्रेक ओढलेला, ब्रेकवर पाय, पहिला गिअर; जाणकार माणूस क्लच अगदी थोडा सोडतो आणि दुसरा बाजूला उभा राहून इंजिन किती उसळतं ते बघतो. गाडीच्या पुढे किंवा मागे कुणीही उभं राहायचं नाही. मग गाडी लिफ्टवर घेऊन पान्याच्या दांड्यानं रोल रॉड हलवून बघा. पट्ट्या तुटल्या असतील तर तुमचं ‘धप्प’ सापडलं. गिअर केबलच्या टोकांचे प्लास्टिकचे बुशही बघायला सांगा. गिअर सैल लागण्याचं कारण पुष्कळदा तेच असतं आणि ते फार स्वस्तात जातं. ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटमध्ये खेळ असेल तरी असाच झटका बसतो.

रबर गेलं असेल तर कंपनीचं नवं घाला. आठ वर्षांच्या फाटक्या रबराशी पीयूची तुलना करून लोक पीयूची वाहवा करतात. नव्या रबराशी करून पाहिली तर फरक बराच आटोक्यात येतो. आणि बसवताना एक गोष्ट मेकॅनिकला आवर्जून सांगा. तिन्ही आधारांचे बोल्ट आधी सैल लावायचे, इंजिन हलवून आपसूक जागेवर बसू द्यायचं, आणि मग आवळायचे. एका बाजूला ओढून आवळलेलं नवं रबर आधीच खाच ओलांडून भिडलेलं असतं, आणि नवं असूनही थरथरतं. ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ या तक्रारीतला मोठा वाटा या आळसाचा आहे.

एवढं करूनही हात शिवशिवत असतील, तर फक्त रोल रॉड आणि तोही ७० च्या आसपासचा. वजन पेलणारे दोन आधार कंपनीचेच ठेवा. त्यांच्यातूनही बरेच हादरे गाडीत उतरतात, आणि टॉर्कची ओढ धरतो तो रॉड. म्हणून किंमत कमी आणि फायदा जास्त, अशी जागा हीच. उभ्या इंजिनाच्या गाडीत मात्र एकच टोक धातूनं आवळून दुसरं मऊ ठेवू नका. इंजिन डोलत राहतं, गिअरबॉक्सचं शेपूट जखडलेलं, आणि सगळा पीळ गिअरबॉक्सच्या कवचावर येतो. ॲल्युमिनियमचे कान तुटतात ते अशानं.

घाटात महिन्यातून दोनदा आणि इचलकरंजीच्या गर्दीत रोज, असा तुमचा हिशेब असणार. मी असतो तर रॉडही कंपनीचाच घातला असता.

जाता जाता: तुमची गाडी एएमटी, म्हणजे क्लच-गिअर आपोआप बदलणारी असती, तर गिअर बदलताना मान पुढे-मागे होण्याचं खापर फाउंडेशनवर फोडू नका, असं सांगितलं असतं. तिथं गिअर बदलेपर्यंत क्लच सुटलेला असतो, ओढ खंडित होते. कुठलंही रबर त्याला उपाय नाही.

प्रश्न : जुन्या बुलेटला तर इंजिनाखाली रबरच नसतं. मग नव्या ३५० ची थरथर कमी कशी झाली?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : तिथं अडवण्याऐवजी मुळावरच घाव घातलाय. जुन्या बुलेटचं इंजिन पोलादी पट्ट्यांनी सांगाड्याला आवळलेलं. एकच जड पिस्टन वर-खाली. त्याचा धक्का हँडल आणि फूटरेस्टपर्यंत थेट. २०२० मध्ये मिटिओर ३५० बरोबर रॉयल एनफील्डनं जे-मालिकेचं इंजिन आणलं, त्यात बॅलन्सर शाफ्ट आहे. क्रँकच्याच वेगानं उलट फिरणारं वजन पिस्टनच्या धक्क्याचा मोठा भाग जागीच खोडून काढतं. उरतो त्याला रबर लागत नाही.

मोटरसायकलमध्ये रबराचा मार्गही निघाला होता. १९६७ च्या नॉर्टन कमांडोत इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं चाक धरणारा हात असं सगळं एकत्र करून रबरावर ठेवलं. चेनची ओढ त्या गठ्ठ्याच्या आतच राहावी म्हणून मागचं चाकही सोबत घ्यावं लागलं. वर-खाली मोकळं, पण बाजूला हलायला बंदी, त्यासाठी बारीक वॉशर घालून फट मोजून ठेवायची. ती फट वाढली की गाडी वळणात वळवळायची. जुनी थरथर गेली म्हणून हळहळणारे बुलेटवाले मला भेटतात, त्यांना माझ्याकडे औषध नाही.

प्रश्न : इलेक्ट्रिक गाडीत स्फोटच नाहीत. मग मोटरखाली रबर कशाला?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आयडलिंगची थरथर नाही हे खरं, आणि २५ हर्ट्झची सगळी डोकेदुखी तिथं संपते. पण मोटरला जोडून गिअर आहेतच. मोटर ८००० आरपीएमनं फिरतेय आणि पहिल्या गिअरला २५ दाते आहेत असं धरा: सेकंदाला ३३०० हून जास्त वेळा दाते भिडतात. माणसाचा कान सर्वांत तिखट असतो तो साधारण २००० ते ५००० हर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे शिट्टी नेमकी तिथंच पडते. पेट्रोल गाडीत ती इंजिनाच्या गोंगाटाखाली झाकली जायची. इथं झाकायला काहीच नाही. शिवाय मोटर पूर्ण टॉर्क जागेवरूनच देते, त्यामुळे तिला जखडून धरणाऱ्या बुशवर ओढही पहिल्या क्षणापासून येते. म्हणून इथलं रबर मोठ्या हालचालीला चांगलं ताठर आणि बारीक, जलद कंपांना मऊ, असं हवं असतं, आणि काही गाड्यांत रबराचे दोन थर एकावर एक देतात: मोटर एका चौकटीवर, चौकट पुन्हा रबरावर. दोन्हींपैकी कुठल्याही थरात पीयू भरायचा मोह झालाच, तर आधी रेडिओ बंद करून गाडी ४० ते ६० च्या वेगात चालवा आणि आत्ता किती शिट्टी ऐकू येते ते लक्षात ठेवा.